सोमवारची सायकल

जून महिन्याच्या तीन तारखेस जागतिक सायकल दिन पाळावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ठरविले. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी असते हे तिकडे कोणी कळविले नसावे. तेव्हा ठरविणाऱ्यांना मी बोल लावीत नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावी त्या दिवशी जी सायकल-फेरी निघते, ती काढणाऱ्यांना तर हे माहीत असते! सकाळी सहाला चौकात मंडप, एकसारखे पिवळे सदरे, ध्वनिक्षेपक, मान्यवरांच्या हातची हिरवी झेंडी, आणि गावाला एक वळसा घालून उपम्याच्या बशीपाशी समाप्ती. मान्यवर झेंडी दाखवून मोटारीत बसतात. ज्यांच्यामुळे वर्षाचे दोनशे-सव्वादोनशे दिवस आमच्या रस्त्यावर सायकल दिसते, त्या आठवी-नववीच्या मुली त्या वेळी घरी भांडी घाशीत असतात, नाहीतर मामाच्या गावी गेलेल्या असतात. सायकलीचा सण सायकलवाल्यांवाचून पार पडतो, आणि त्याची खंत कोणास वाटत नाही.

या फेरीत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. नुसता होतो असे नव्हे, फलक मीच रंगविले होते. मी शाळेत चित्रकला शिकवितो. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे (वडील अजून 'मॅट्रिक' म्हणतात), त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. आणि फावल्या वेळात तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, ज्या वाचनालयात बऱ्यापैकी फाटलेल्या आढळतात. अशा माणसाने सायकलीच्या वाटा खणण्याच्या उद्योगात पडू नये, असे माझे साहित्यिक मित्र सांगतात. पडलो खरा. चार वर्षे आमच्या मंडळाचे दप्तर माझ्या घरच्या कपाटात आहे. त्या चार वर्षांच्या अनुभवावरून मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच, की आपल्याकडे सायकलीची जी चळवळ चालते ती रविवारच्या सायकलीची आहे. सोमवारच्या सायकलीला वाली नाही.

रविवारची सायकल आपणांस ठाऊक आहे. तिला गिअर असतात, तिच्यावरच्या माणसाला हेल्मेट असते, तिचे फोटो निघतात, आणि ती जिथून निघते तिथेच परत येते. सोमवारच्या सायकलीला गिअर नसतात. तिचे वजन वीस किलोच्या घरात, मागच्या कॅरिअरवर दप्तर, पुढे हँडलला डबा. तिला कुठेतरी वेळेवर पोचावयाचे असते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी जवळजवळ पंचेचाळीस घरांत सायकल आढळली. त्या सायकली काही तंदुरुस्तीसाठी घेतलेल्या नव्हत्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ पासून सायकलीची जी देशव्यापी मोहीम चालविली आहे, तिच्या नावातच रविवार आहे! याहून अधिक स्पष्ट पुरावा मी कुठून आणू?

आमचे मंडळ निघाले ते मात्र सोमवारच्या सायकलीपायी. त्याची हकीकत सांगितलीच पाहिजे.

करोनाची दीड वर्षे बंद असलेल्या ग्रामीण भागातल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या. महिना पुरता झाला नाही तोच एस.टी.चा संप सुरू झाला, आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत मिटला नाही. मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे. पण गाडीच नाही तर पासाचे काय लोणचे घालावयाचे? वाड्यावस्त्यांवरच्या पोरींनी घरातल्या जुन्या सायकली पुसून बाहेर काढल्या. कोणाची थोरल्या भावाची, कोणाची जिल्हा परिषदेकडून मिळालेली. आता आमचा मुलूख नीरेच्या उजव्या कालव्याखालचा, म्हणजे उसाचा. नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की रस्ता कारखान्याचा होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हात-हातभर बाहेर आलेला ऊस, मागे दिवा असलाच तर चिखलाने माखलेला. चालक आदल्या रात्रीपासून वजनकाट्याच्या रांगेत जागा. त्याला मी दोष देत नाही. खेपेवर पोट भरणारा तोही माणूसच आहे. पण त्याच्या दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाशेजारी माझ्या नववीतल्या पोरी सायकल हाकीत होत्या, आणि मी वर्गात बसून हजेरी घेत होतो.

डिसेंबरात त्यांतली एक मुलगी साइडपट्टीवरून घसरून चारीत पडली. ट्रॉलीतून लोंबणारा ऊस तिच्या दप्तरात अडकला होता. मांडीचे हाड मोडले. मी घरी गेलो तेव्हा तिचे वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, "सर, पोरगी जिती ऱ्हायली ह्येच लई झालं. आता साळा बास." मी चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी त्या ऐकून घेतल्या, चहा दिला. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. हुशार होती की ढ होती हे मुद्दामच सांगत नाही. ढ असती तर तिचे शिक्षण सुटलेले चालले असते, असा अर्थ निघावयास नको. तिची धाकटी बहीण त्या वेळी तिसरीत होती. तिच्याविषयी पुढे लिहावयाचे आहे.

पुढच्या जानेवारीत आम्ही अकरा जण जमलो. सायकल दुरुस्तीचे दुकान चालविणारे एक चाचा, निवृत्त पाटकरी, संपावर असलेला एक कंडक्टर, दोन शिक्षक, बाकीची कॉलेजातली पोरे. त्या पोरांत दोघे-तिघे रविवारचे पक्के सायकलपटू होते, आणि कामाला सर्वांत आधी तेच उभे राहिले हेही नमूद करतो. बेत साधा होता. कालव्याच्या भरावावरून खात्याचा पाहणीचा रस्ता जातो. तीन वस्त्या त्याला लागून आहेत, आणि तो थेट गावात उतरतो: तीन किलोमीटर, आणि एकही ट्रॉली नाही. मग मुली त्यावरून का जात नव्हत्या? कारण ती काळी माती. पावसात ती मडगार्डमध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. उन्हाळ्यात भेगांत टायर अडकतो. आणि बारा महिने वेड्या बाभळीचे काटे. चाचांच्या दुकानात पंक्चरला येणाऱ्या दहा सायकलींपैकी निम्म्या कालव्याच्या असत.

दोन मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर जाड मुरूम पसरावयाचा तर एका किलोमीटरला दोनशे घनमीटर, म्हणजे सत्तर ब्रास लागतो. ट्रॉलीत ब्रासभर मावतो असे धरा. तीन किलोमीटरना दोनशे दहा खेपा! हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा कंडक्टरसाहेब उठून तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले, "मास्तर, रोज एक आणली तरी वर्ष सरत नाही." त्यांचे गणित बरोबर होते. मुरूम वाहिला तो उसाच्याच ट्रॅक्टरांनी. गाळप संपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत ते रिकामे उभे असतात. डिझेल आमचे, चालक त्यांचा. ज्यांना चार महिने शिव्या दिल्या त्यांच्याकडेच हात पसरावा लागला, आणि एकानेही नाही म्हटले नाही. गौण खनिजाच्या परवान्यासाठी एका कचेरीत मारलेल्या चकरांनी मात्र माझ्या चपलेचा एक जोड खाल्ला. कालव्यावर काम करण्यास खात्याची हरकत नाही, मात्र जबाबदारीही नाही, अशा अर्थाचे पत्र पाचव्या महिन्यात हाती आले. ते पत्र मी जपून ठेवले आहे. पुढेमागे कादंबरीत उपयोगी पडेल.

दोन उन्हाळ्यांत ती वाट झाली. आज सकाळी साडेनऊच्या सुमारास पुलावर उभे राहिले तर चाळीस-पंचेचाळीस सायकली मोजता येतात, आणि त्यांत मुली अधिक.

इथपर्यंत सारे गोड होते. भांडण झाले ते टेकडीवरून.

चौथी वस्ती टेकडीमागे, पठारावर आहे. तिथून डांबरी रस्त्याने गावात यावयाचे तर सात किलोमीटर, आणि तो रस्ता म्हणजे तोच, ट्रॉल्यांचा. खिंडीतून कालव्यावर उतरले तर मात्र चार किलोमीटरच्या आत शाळा. खिंडीपासून कालव्यापर्यंतची उंची चोवीस मीटर. मेंढरांची जुनी पायवाट दोनशे मीटरांत नाकासमोर खाली येते. तिच्यावरून सायकल नेणे म्हणजे सायकल खांद्यावर घेणे. ही वाट सायकलीची करावी यावर एकमत झाले. कशी करावी यावर मंडळ फुटले.

आमच्या सायकलपटू मित्रांचे म्हणणे असे, की चढ एकास दहाच्या आसपास ठेवावा, मध्ये दोन उड्या, एक तीव्र वळण. जिल्ह्याची डोंगरी सायकल शर्यत इथे भरविता येईल. एक देणगीदारही तयार होते. त्यांना खाली कमान आणि कमानीवर नाव, एवढेच पाहिजे होते. वाट दोनशे चाळीस मीटरांत आटोपली असती. एका उन्हाळ्याचे काम. हा चढ शास्त्राला सोडून होता असे नाही. गिअरच्या सायकलीसाठी डोंगरात अशाच वाटा काढतात, आणि नीट काढल्या तर त्या टिकतातही.

पण वीस किलोच्या बिनगिअरच्या सायकलीवर, पाठीला दप्तर अडकवलेली तेरा वर्षांची मुलगी एकास दहा चढणार कशी? आणि त्याहून अवघड प्रश्न, सकाळी उतरणार कशी? झिजलेल्या रबरांचे ब्रेक पावसात ओल्या रिमवर लागतात तरी का? इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकल-मार्गांसाठी जी मानके घालून दिली त्यांत, होता होईतो एकास तीसपेक्षा अधिक चढ नसावा, असे आहे. साठ वर्षांपूर्वी ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सोमवारची सायकल होती, हे उघड दिसते. एकास तीस धरले तर चोवीस मीटरांना सातशे वीस मीटर वाट लागते. दोनशे चाळीसच्या तिप्पट. खणणारे हात तेवढेच. शर्यत नाही, उड्या नाहीत, कमानही नाही.

"मास्तर, एवढ्या सपाट वाटेवर चालवायला मजा काय?" एका तरुण मित्राने बैठकीत मला विचारले. प्रश्न त्याने प्रामाणिकपणे विचारला होता, म्हणूनच मला तो इतका लागला. मजा! ज्या मुलीचे हाड मोडले तिची वस्ती हीच. तिची ती धाकटी बहीण यंदा सातवीत आहे. वस्तीवरची शाळा सातवीपर्यंत. जूनमध्ये आठवीसाठी तिला गावात यावे लागेल. वडिलांनी मला ओट्यावरूनच सांगितले आहे, "वाट झाली तर धाकटीला धाडतो. डांबरीनं नाय धाडणार." आणि आम्ही मजेचा विचार करावयाचा?

मत घेतले. सहा विरुद्ध पाच. लांब वाटेचा ठराव एका मताने निभावला, आणि पाच जण मंडळ सोडून गेले. त्यांनी वेगळा क्लब काढला आहे, त्यांचे सदरे अधिक चांगल्या कापडाचे आहेत. माणसे वाईट नाहीत. रस्त्यात भेटलो की बोलतो. पण चुकले ते चुकलेच, आणि मैत्रीखातर मी ते बरोबर म्हणणार नाही.

कोणी म्हणतील, मास्तरांना शहरी छंदाचा मत्सर वाटतो. तसे नाही. छंद करावा, शंभर नाही तर दोनशे किलोमीटर जावे, पदके मिळवावीत. फक्त त्याला सायकलीची चळवळ म्हणू नये. नेदरलँड्समधल्या सायकलींचे कौतुक आमचे सायकलपटू फार करतात. तिकडे हे कसे घडले तेही एकदा वाचावे. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे तीन हजार तीनशे माणसे मेली, त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. शाळेला जाताना मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, आईबाप रस्त्यावर उतरले, आणि 'मुलांची हत्या थांबवा' या नावाची चळवळच उभी राहिली. त्या आईबापांना पदके नको होती. त्यांना मूल शाळेतून घरी यावयास पाहिजे होते.

इतके लांब जाण्याचेही कारण नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत त्या वयाच्या मुलींचे प्रमाण बत्तीस टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांतली तफावत चाळीस टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. एका सायकलीने! आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात सव्वाशे तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात, हे चांगलेच आहे. पण सायकल देणारे खाते एक आणि रस्ता करणारे दुसरे. सायकल दारात आणि दारापुढे ट्रॉली, असे हे दान.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो जास्त शहाण्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, "रस्ता करणे सरकारचे काम. तुम्ही श्रमदान करून त्यांना मोकळे सोडता." यात अर्धे सत्य आहे आणि ते मला झोपू देत नाही. आमच्या कालव्याच्या वाटेचे उद्घाटन ज्यांनी केले, त्यांनी भाषणात आमचे इतके कौतुक केले की ऐकता ऐकता मला कळून चुकले, पुढच्या दहा वर्षांत इथे सरकारी मुरमाचे घमेलेही पडणार नाही.

पण मग काय करावे? अर्ज करून बसावे? मी अर्ज केला होता. उत्तरात सायकलींची वाहतूक किती, असा प्रश्न आला. त्याच १९६२ च्या मानकांत आणखी एक कलम आहे: गर्दीच्या तासाला चारशे सायकली असतील तर वेगळा सायकल-मार्ग समर्थनीय. चारशे! आमच्या चार वस्त्या मिळून तेवढी घरे नाहीत. आणि मोजणी करणार कोणाची? ज्या मुलीला बापाने घरी बसविले ती रस्त्यावर येतच नाही. ती तुमच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात पडते? भीतीने घरी राहिलेल्यांची वजाबाकी करावयाची आणि उरलेल्यांना अपुरे म्हणावयाचे, याला मी हिशेब म्हणत नाही. आणि स्कूटीचे दिवस आले, सायकल गेली, असे सांगणाऱ्या साहेबांना माझे एवढेच विचारणे आहे, की तेरा वर्षांच्या मुलीला सायकलीवाचून दुसरे कोणते वाहन आपला कायदा चालवू देतो?

श्रमदानाचा खरा धडा आपल्याला गाडगेबाबांनी दिला होता, आणि आपण त्यातला अर्धाच घेतला. बाबा दिवसा गाव झाडीत. पण रात्री कीर्तनाला उभे राहिले की गावाला प्रश्न विचारून भंडावून सोडीत. आम्ही खराटा उचलला आणि कीर्तन विसरलो. प्रश्न न विचारता झाडणाऱ्याला गाव झाडूवालाच समजते. ही चूक माझीही आहे. पहिली दोन वर्षे मी फक्त मुरूम मोजला. आता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही सहा जण गेलो आणि तीनच गोष्टी मागितल्या: कालव्याच्या वाटेची नोंद गावरस्त्यांत व्हावी, म्हणजे तिच्यावर खर्च टाकता येईल, गाळपाच्या काळात शाळेच्या वेळी, सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर, गावाच्या हद्दीत ट्रॉल्या थांबाव्यात, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असावा. तिसरी मागणी लगेच मान्य झाली, कारण तिला खर्च येत नाही. दुसरीवर मोठा गलबला झाला. पहिलीवर विचार चालू आहे. २६ जानेवारीला पुन्हा सभा आहे, तेव्हा पुन्हा विचारू. मुलींनाही नेणार आहे. त्यांना मत नाही, पण तोंड आहे.

टेकडीचे काम कसे चालते ते सांगितले नाही तर हे नुसते भांडण वाटेल. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर आखावयास जी चौकट वापरतात तीच आम्ही घेतो. दोन काठ्या वर बांधलेल्या, मध्ये आडवी पट्टी, वरून सोडलेला ओळंबा. दोन पायांत अंतर दीड मीटर. खालच्या अंगाच्या पायास पाच सेंटीमीटरचा ठोकळा ठोकला की, ओळंबा पट्टीच्या मध्यावर आला म्हणजे एकास तीस चढ मिळाला. खुणेची खुंटी, चुन्याची फक्की, की पुढे. वाटेला दरीच्या अंगास किंचित कल द्यावा लागतो, म्हणजे पाणी आडवे निघून जाते. पाणी वाटेवरून वाहू लागले की एका पावसाळ्यात तिची घळ होते. पहिल्या वर्षी आमची साठ मीटर तशीच गेली, आणि ती माझ्याच आखणीची होती. टेकडी स्वतःच मुरमाची आहे, म्हणून मुरूम वाहावा लागत नाही. टिकाव, पहार, फावडे, घमेले आणि धुम्मस, बस्स.

काम रविवारी चालते, कारण आम्हां सर्वांना सोमवारी पोटाची कामे असतात. सातशे वीसपैकी पाचशे मीटर वाट झाली आहे. राहिलेल्या दोनशे वीस मीटरांत दोन वळणे आणि एक ओढा आहे. ओढ्यात सिमेंटचा नळा बसवावा लागेल, तो चाचांनी कोणाकडून तरी मिळविला आहे, कोणाकडून ते मी विचारलेले नाही. सोडून गेलेल्या पाचांपैकी एक जण मागच्या रविवारी येऊन गेला. काही बोलला नाही. दोन तास पहार चालविली, आणि जाताना आपली पाण्याची बाटली विसरला. ती माझ्याकडे आहे.

दिवाळी झाली की गाळप सुरू होईल आणि त्यानंतर ट्रॅक्टरवाले मिळावयाचे नाहीत. ओढ्यावर नळा नेण्यासाठी एक ट्रॅक्टर आणि चार माणसे त्याच्याआधी पाहिजेत. सकाळी सात वाजता, कालव्याच्या पुलाशी. घमेली आमच्याकडे आहेत, फावडे मात्र ज्याने त्याने आपले आणावे.